दाखला आधी, खाट नंतर : धर्मादाय रुग्णालयात निर्धन व दुर्बल घटकांसाठीचे उपचार मिळवण्याचा क्रम

रुग्णाला घरी सोडण्याच्या दिवशी बिल हातात पडते, आकडा पाहून घरच्यांचे पाय लटपटतात, शेजारच्या खाटेवरचे कोणीतरी सांगते की हे तर ट्रस्टचे रुग्णालय आहे, इथे गरिबांना सवलत मिळते. आणि मग मुलगा तहसील कार्यालयाकडे धावतो. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांचा लाभ हुकतो तो बहुतेक वेळा असा, उलट्या क्रमाने. उत्पन्न मर्यादेत असते, खाटही रिकामी असते, पण पात्रता सिद्ध करणारा कागद पंधरा दिवसांनी येणार असतो आणि बिल आजच भरायचे असते.

पुढील टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत ज्या क्रमाने ते करावे लागतात. पहिले चार टप्पे घरात कोणीही आजारी नसताना पूर्ण करण्यासारखे आहेत, आणि ते तेव्हाच केलेले बरे.

## आधी नियम नीट समजून घ्या

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या एकूण कार्यरत खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात. या उपचारांचा खर्च भागवण्यासाठी रुग्णालयाने इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करायची असते.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असल्यास रुग्ण निर्धन ठरतो. ते त्याहून अधिक परंतु ३,६०,००० रुपयांपर्यंत असल्यास तो दुर्बल घटकात मोडतो. पूर्वीच्या ८५,००० आणि १,६०,००० या मर्यादा अजूनही अनेकांच्या, क्वचित काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांच्याही, तोंडी आहेत; त्या ऐकून माघारी फिरू नये.

दोन्ही गटांना मिळणाऱ्या लाभात मोठा फरक आहे. खाट, निवासी डॉक्टरांची सेवा, शुश्रूषा, रुग्णालय देत असल्यास जेवण, चादरी, पाणी, वीज, स्वच्छता आणि नेहमीच्या तपासण्या या गोष्टी दोन्ही गटांना विनामूल्य असतात. ज्या सेवांचे बिल होते, त्यांची आकारणी रुग्णालयातील सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने आणि औषधे, वापरून टाकायचे साहित्य व शरीरात बसवायची उपकरणे यांची आकारणी खरेदी किमतीने करायची असते. निर्धन रुग्णाच्या बाबतीत हे सारे बिल निर्धन रुग्ण निधीतून वळते होते आणि रुग्णाला काही द्यावे लागत नाही. दुर्बल घटकातील रुग्णाला मात्र औषधे, साहित्य आणि उपकरणे यांच्या बिलाची किमान ५० टक्के रक्कम स्वतः भरावी लागते. हृदयात बसवायचा स्टेंट किंवा गुडघ्याचा सांधा असेल, तर हा वाटा चांगलाच मोठा होऊ शकतो. त्यामुळे ‘सवलत मिळाली म्हणजे फुकट’ असे गृहीत धरून पैशांची तजवीज न करणे ही चूक ठरते.

## टप्पा १ : याआधीचे दार उघडे आहे का ते पाहा

राखीव खाट हा पहिला पर्याय धरू नये. त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात.

घरातील कोणी नोकरदार राज्य कामगार विमा योजनेत असेल, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असून त्यातून विम्याची कपात होत असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांनाही त्या योजनेतून उपचार मिळतात. पगारपत्रकावरची ही कपात अनेकांच्या लक्षातच येत नाही. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगचे कर्मचारी आणि कंत्राटी कामगार यांच्या घरांत हे हमखास आढळते.

दुसरी गोष्ट महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. तिची व्याप्ती आता पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांपर्यंत वाढलेली असून आयुष्मान भारत योजनेशी जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. उत्पन्नाचा दाखला तिच्यासाठी लागत नाही. अट इतकीच की उपचार योजनेच्या यादीत असावा आणि रुग्णालय योजनेशी संलग्न असावे. खात्री करण्यासाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर विचारता येते. रुग्ण सत्तर वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर आयुष्मान भारत योजनेतील ज्येष्ठांसाठीच्या आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाची कोणतीही अट नाही.

तिसरी गोष्ट अगदी साधी आहे आणि म्हणूनच विसरली जाते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. हर्नियासारखी नेहमीची शस्त्रक्रिया तिथे होणार असेल, तर दाखले गोळा करून शहरातल्या ट्रस्टच्या रुग्णालयात रांग लावण्यात अर्थ नाही.

तपासणी : उपचार यादीत नाही, संलग्न रुग्णालयात ती सुविधा नाही, किंवा डॉक्टरांनी विशिष्ट धर्मादाय रुग्णालयातच जायला सांगितले आहे, यांपैकी एक उत्तर ‘होय’ असेल तरच पुढे जावे.

## टप्पा २ : कुटुंबाचे उत्पन्न प्रामाणिकपणे मोजा

या टप्प्यावर सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात. काही जण उत्पन्न कमी दाखवून अडचणीत येतात; काही जण स्वतःला अकारण अपात्र समजून अर्जच करत नाहीत.

मोजायचे असते ते कुटुंबाचे उत्पन्न. एकट्या रुग्णाचे किंवा एकट्या कर्त्याचे नव्हे. एकत्र राहणाऱ्या आणि एका शिधापत्रिकेवर असलेल्या कमावत्या माणसांचे सर्व मार्गांनी येणारे वर्षभराचे उत्पन्न एकत्र धरावे : पगार, रोजंदारी, शेती, दुकान किंवा हातगाडी, घरभाडे, निवृत्तिवेतन.

एक उदाहरण घेऊ. समजा, वडील एका गृहनिर्माण संस्थेत रखवालदार आहेत आणि त्यांना महिना ११,५०० रुपये मिळतात. वर्षाचे झाले १,३८,०००. आई दोन घरी पोळ्या करून महिना ३,००० रुपये आणते, वर्षाचे ३६,०००. एकूण १,७४,००० रुपये, म्हणजे कुटुंब निर्धन गटात बसले. पण वडिलांना दिवाळीत ७,००० रुपये बोनस मिळाला असेल, तर बेरीज १,८१,००० होते आणि कुटुंब हजार रुपयांनी दुर्बल घटकात जाते. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने पाच महिने घरपोच माल पोहोचवण्याचे काम करून महिना ८,००० रुपये मिळवले असतील, तर त्यात आणखी ४०,००० येतात. अशा वेळी ‘मुलगा तर शिकतोय’ म्हणून ती रक्कम वगळण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण हा पैसा बँक खात्यात आलेला असतो आणि पडताळणीत पासबुक मागितले जाऊ शकते.

नोकरदारांनी हातात पडणारा पगार धरू नये. नियोक्त्याच्या पत्रात किंवा फॉर्म १६ मध्ये कपातीपूर्वीचा एकूण पगार असतो आणि दाखला देणाऱ्या कार्यालयासमोर तोच कागद जातो. भविष्यनिर्वाह निधीची कपात वजा करून आपण मर्यादेच्या आत आहोत असे मानणाऱ्यांचा हिशेब इथे फसतो.

आई-वडिलांच्या उपचारासाठी त्यांच्या एकट्याच्या नावाने ‘उत्पन्न शून्य’ किंवा ‘२१,००० रुपये’ असा दाखला काढून आणण्याची पद्धत सर्रास आहे. आई मुलाच्या घरी राहते, मुलाचा पगार महिना ३५,००० आहे, शिधापत्रिका एकच आहे. मग तो दाखला रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाच्या पहिल्या दोन प्रश्नांतच उघडा पडतो. स्वयंघोषणापत्रात खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे ही गोष्ट वेगळी. पण त्याआधी व्यवहारात काय होते, तर प्रकरण संशयित ठरते आणि खऱ्या गरजेच्या वेळी वेळ वाया जातो. अशा घरात आई सत्तरीच्या पुढे असेल, तर वय वंदना कार्ड हाच सरळ मार्ग आहे.

इशारा : भाऊ खरोखर वेगळे राहत असतील, चूल वेगळी असेल, पण शिधापत्रिका वडिलांच्या काळापासून एकत्रच असेल, तर सर्वांचे उत्पन्न एकत्र धरले जाण्याचा धोका आहे. शिधापत्रिकेची विभागणी करण्यास वेळ लागतो. ती आजारपणाची वाट न पाहता करून घ्यावी.

## टप्पा ३ : उत्पन्नाचा दाखला काढा

दाखला तहसील कार्यालयाकडून मिळतो. अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर स्वतः करता येतो किंवा सेतू अथवा महा ई-सेवा केंद्रातून करता येतो. संकेतस्थळावर महसूल विभागाच्या सेवांमध्ये त्याचे नाव ‘मिळकत प्रमाणपत्र’ असे दिसते. ‘उत्पन्नाचा दाखला’ शोधत बसलेल्यांना तो सापडत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

अर्जाआधी कागद एकत्र करावेत. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, शिधापत्रिका, अर्जदाराचे छायाचित्र आणि स्वयंघोषणापत्र हे सर्वांना लागते. उत्पन्नाचा पुरावा मात्र माणसागणिक बदलतो. पगारदाराने नियोक्त्याचे पत्र किंवा फॉर्म १६ जोडावा. प्राप्तिकर विवरणपत्र भरणाऱ्याने त्याची प्रत जोडावी. शेतकऱ्याने सातबारा, ८-अ आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल जोडावा. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, अशा रोजंदारीवरच्या माणसालाही तलाठ्याच्या चौकशी अहवालाचाच आधार असतो. तलाठ्यांचे पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले असले, तरी गावात आणि कार्यालयाबाहेरच्या टपरीवर ‘तलाठ्याचा अहवाल’ हेच शब्द चालतात.

मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र करून घेण्याचा आग्रह काही मध्यस्थ धरतात. साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र पुरते. प्रतिज्ञापत्रावर खर्च करू नये.

अर्ज भरताना पुढील चार जागी थांबून वाचावे.

१. उत्पन्नाचा रकाना वार्षिक असतो. महिन्याचा आकडा तिथे लिहिला गेला की १२,००० रुपये वार्षिक उत्पन्नाचा हास्यास्पद दाखला तयार होतो आणि सोबतचे पगारपत्रक त्यालाच खोटे ठरवते.

२. एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन प्रकारचे दाखले असतात. रुग्णालयातील कामासाठी एक वर्षाचा पुरतो. तीन वर्षांचा मागितल्यास तिन्ही वर्षांचे पुरावे द्यावे लागतात आणि एखाद्या वर्षाच्या कागदाअभावी संपूर्ण अर्ज अडकतो.

३. कारणाच्या रकान्यात ‘वैद्यकीय उपचारासाठी’ असे स्पष्ट लिहावे. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला पुढे केल्यावर तो कोणत्या कारणासाठी आहे यावरून वाद घालण्यात अर्धा दिवस गेल्याचे मी पाहिले आहे.

४. अर्जदार आणि रुग्ण वेगळे असतील, तर नाते नोंदवावे. पतीच्या नावाचा दाखला आणि माहेरच्या नावाचे आधार कार्ड असलेली पत्नी, हा घोळ रोजचाच आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार हा दाखला देण्याची मुदत १५ दिवसांची आहे. अर्जाची पोच व त्यावरचा क्रमांक जपून ठेवावा; मुदत उलटली तर तहसीलदारांकडे पहिले अपील करता येते. सेतूमध्ये तोंडी ‘येईल, येईल’ ऐकत राहण्यापेक्षा त्या पोचपावतीच्या आधारे अर्ज नेमका कोणाच्या टेबलावर आहे हे ऑनलाइन पाहिलेले अधिक उपयोगी पडते. त्रुटी काढून अर्ज परत आलेला असतो आणि अर्जदाराला त्याचा पत्ताच नसतो, असे फार वेळा घडते.

तपासणी : दाखला हाती आला की तिथेच उभे राहून पाच गोष्टी वाचाव्यात : नावाचे स्पेलिंग व शुद्धलेखन, आकड्यांतील रक्कम, अक्षरांतील रक्कम, आर्थिक वर्ष आणि वैधतेची तारीख. वैधता बहुधा ३१ मार्चपर्यंत असते. फेब्रुवारीत काढलेला दाखला मेमधील शस्त्रक्रियेला चालत नाही हे लोकांना रुग्णालयातच कळते. नियोजित शस्त्रक्रिया एप्रिल ते जूनमध्ये असेल, तर १ एप्रिलनंतर लगेच नवा अर्ज टाकावा. जूनमध्ये शाळा-कॉलेजांच्या प्रवेशांची गर्दी उसळली की सेतूची रांग आवाक्याबाहेर जाते.

## टप्पा ४ : शिधापत्रिका आणि नावे जुळवून घ्या

योजनेनुसार रुग्णाची आर्थिक स्थिती तहसीलदारांच्या दाखल्यावरून किंवा शिधापत्रिकेवरून, दारिद्र्यरेषेखालील कार्डावरून पडताळायची असते. म्हणून दोन्ही जवळ असावेत.

शिधापत्रिकेच्या रंगावरून एक मोठा गैरसमज आहे. केशरी शिधापत्रिका १ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाला आणि पांढरी त्याहून अधिक उत्पन्नाला, हा निकष शिधावाटपाचा आहे. धर्मादाय योजनेची निर्धन मर्यादा १,८०,००० रुपये आहे. म्हणजे दीड लाख उत्पन्न असलेले पांढऱ्या शिधापत्रिकेचे कुटुंब इथे निर्धन गटात बसते. ‘पांढरे कार्ड आहे, तुम्हाला मिळणार नाही’ असे कोणी म्हटले, तर दाखला पुढे करावा आणि मर्यादेचा आकडा शांतपणे सांगावा. याउलट, वीस वर्षांपूर्वीचे केशरी कार्ड आणि आजचे चार लाखांचे उत्पन्न अशी स्थिती असेल, तर त्या कार्डाच्या जोरावर मिळवलेली खाट दुसऱ्या खऱ्या गरजूची असते, हेही लक्षात असू द्यावे.

रुग्णाचे नाव शिधापत्रिकेवर असलेच पाहिजे. लग्न होऊन आलेली सून, दोन-तीन वर्षांचे मूल आणि गावाहून आणलेले वडील यांची नावे हटकून राहून गेलेली असतात. सुनेचे नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी करून मग इकडे चढवावे लागते, त्यामुळे या कामाला दुप्पट वेळ धरावा. बाळंतपणाची तारीख जवळ आल्यावर हे सुरू करणाऱ्यांना तो मिळत नाही.

## टप्पा ५ : रुग्णालय धर्मादाय आहे का आणि खाट आहे का

नावावरून किंवा इमारतीच्या थाटावरून हे ओळखता येत नाही. मुंबईतील जसलोक, लीलावती, हिंदुजा आणि पुण्यातील रुबी हॉल ही रुग्णालये धर्मादाय संस्थांची आहेत. काचेच्या दर्शनी भागाकडे पाहून तिथे विचारायलाच न जाणारे अनेक पात्र रुग्ण असतात. दुसरीकडे, एखाद्या देवाच्या किंवा संताच्या नावाचे छोटे नर्सिंग होम पूर्णपणे खासगी असू शकते. राज्यात अशी चारशेहून अधिक धर्मादाय रुग्णालये असून त्यांची यादी धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर जिल्हावार पाहता येते. राखीव खाटांपैकी किती रिकाम्या आहेत, हेही तिथे दाखवले जाते.

ती माहिती पाहून, शक्य असल्यास पानाचे छायाचित्र घेऊन, मगच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे. बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदणी खिडकीवर किंवा बिलिंगच्या काउंटरवर विचारून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये. राखीव खाटेचे काम वैद्यकीय समाजसेवकाकडे असते. एका रुग्णालयावर सारी भिस्त न ठेवता, तोच उपचार होणारी आणखी दोन नावे लिहून ठेवावीत. शंभर खाटांच्या रुग्णालयात निर्धनांसाठी दहाच खाटा असतात, आणि अतिदक्षता विभागात तर रिकामी जागा मिळणे नेहमीच कठीण.

## टप्पा ६ : दाखल होण्यापूर्वी लेखी अर्ज द्या

सर्व टप्प्यांत हा सर्वांत छोटा आहे आणि सर्वांत जास्त वेळा चुकवला जातो.

डॉक्टरांनी दाखल होण्यास सांगितल्यावर त्यांच्याकडून उपचाराचे नाव व खर्चाचे अंदाजपत्रक लेखी घ्यावे. त्यानंतर वैद्यकीय समाजसेवकाला उद्देशून साधा अर्ज लिहावा : रुग्णाचे नाव व वय, आजार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न, दाखल्याचा क्रमांक व तारीख, आणि ‘कलम ४१ कक खालील योजनेनुसार निर्धन (किंवा दुर्बल घटक) रुग्ण म्हणून उपचार मिळावेत’ अशी विनंती. सोबत दाखला, शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांच्या प्रती जोडाव्यात, मूळ कागद फक्त दाखवावेत, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्यावी. पोच देण्यास नकार मिळाला, तर त्याच दिवशी तोच अर्ज रुग्णालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावा.

दाखल करून घेताना दोन सापळे असतात. पहिला अनामत रकमेचा. निर्धन रुग्णाकडून अनामत घ्यायची नसते. परंतु ‘आधी भरा, मंजुरी आली की परत मिळेल’ असे सांगितले जाते, माणूस व्याजाने पैसे काढून भरतो आणि ते परत मिळवण्यात महिने जातात. दुसरा सापळा खोलीचा आहे. रुग्णाला आराम पडावा म्हणून घरचे लोक दोघांची किंवा स्वतंत्र खोली मागतात. राखीव खाट सामान्य कक्षातली असते. वरच्या वर्गाची खोली घेतली की तिथले दर लागतात, आणि नंतर गरिबी सिद्ध करायला आपल्याच सहीचा कागद आड येतो.

इशारा : आरोग्य विमा असेल, कितीही लहान रकमेचा असो, तो लपवू नये. अर्जात त्याचा उल्लेख करावा आणि कोणता मार्ग वापरायचा हे समाजसेवकाशी बोलून दाखल होण्यापूर्वीच ठरवावे.

## तातडीची वेळ असेल आणि दाखला नसेल तर

अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश अशा वेळी वरील क्रम उलटा होणारच. धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत आवश्यक उपचार दिले पाहिजेत, आणि त्यासाठी अनामत रकमेची मागणी करता येत नाही. गरज भासल्यास पुढे सार्वजनिक रुग्णालयात हलवण्याची व्यवस्थाही त्यांनीच करायची असते.

घरच्यांनी कामे वाटून घ्यावीत. एकाने रुग्णाजवळ थांबावे. दुसऱ्याने चोवीस तासांच्या आत समाजसेवा विभागात अर्ज द्यावा आणि जवळ पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर ती तेव्हाच दाखवून ‘उत्पन्नाचा दाखला मागाहून सादर करत आहोत’ असे अर्जात नमूद करावे. तिसऱ्याने रुग्णालयाचे पत्र व अंदाजपत्रक घेऊन तहसील कार्यालयात जावे आणि नायब तहसीलदारांना भेटून वैद्यकीय कारणासाठी तातडीने दाखला देण्याची लेखी विनंती करावी. सेतूच्या खिडकीवर ही निकड पोहोचत नाही. फुले योजनेशी संलग्न रुग्णालय असेल, तर आवारातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) त्याच वेळी कळवावे, कारण जन आरोग्य योजनेतही तातडीच्या रुग्णाची नोंद आधी करून कागद मागाहून देण्याची सोय आहे.

## टप्पा ७ : उपचार सुरू असताना लक्ष ठेवा

अर्ज मंजूर झाला की रुग्णाच्या केसपेपरवर ‘निर्धन’ किंवा ‘दुर्बल घटक’ अशी नोंद झाली आहे का हे स्वतः पाहावे. ती समाजसेवा विभागाच्या वहीत असते आणि बिलिंगच्या संगणकावर नसते, असे घडते. मग शेवटच्या दिवशी नेहमीच्या दराचे बिल निघते. रुग्ण अतिदक्षता विभागातून सामान्य कक्षात हलवला गेला, किंवा उलट, तर ही नोंद पुढे गेली का हेही पाहावे.

दर दोन-तीन दिवसांनी चालू बिलाची प्रत मागावी. निर्धन रुग्णाला बाहेरून औषधे आणण्याची चिठ्ठी दिली गेली, तर ती औषधे आणण्यापूर्वी चिठ्ठी समाजसेवकाला दाखवावी. नाइलाजाने आणावीच लागली, तर चिठ्ठीची प्रत आणि दुकानाची पावती एकत्र टाचून ठेवावी. दुर्बल घटकातील रुग्णांनी औषधे व साहित्य यांचे बिल वेगळे काढून मागावे. आपला ५० टक्क्यांचा वाटा नेमका कशावर लागतो आहे, हे एकत्रित बिलातून समजत नाही.

## टप्पा ८ : नकार आला तर

नकाराची तीन ठरावीक कारणे असतात.

‘खाट रिकामी नाही’ असे उत्तर आले, तर त्या क्षणी संकेतस्थळावरची स्थिती पाहावी आणि ती वेगळी दिसत असल्यास समाजसेवकालाच दाखवावी. खरोखर जागा नसेल, तर भांडण्यात वेळ न घालवता यादीतील दुसऱ्या रुग्णालयाकडे वळावे. ‘निर्धन रुग्ण निधी संपला आहे’ असे उत्तर आले, तर ते लेखी मागावे. बहुतेकदा लेखी मागितल्यावर उत्तर बदलते, आणि बदलले नाही तर तो कागदच तक्रारीचा आधार होतो. ‘हा उपचार योजनेत बसत नाही’ असे सांगितले, तर कोणती योजना असे विचारावे. उपचारांची यादी फुले योजनेला असते आणि कर्मचारी पुष्कळदा दोन्ही योजना एकमेकींत मिसळतात.

तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे करावी. मुंबईत ते कार्यालय वरळीला आहे. अर्ज दिल्याची पोच, दाखल्याची प्रत, अंदाजपत्रक आणि नकाराचा तपशील (कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या पदावरील व्यक्तीने काय सांगितले) एवढे जोडले म्हणजे पुरे. दोन पानी करुण कहाणीपेक्षा हा एक परिच्छेद तिथे लवकर वाचला जातो. रुग्ण दाखल असेपर्यंत केलेल्या तक्रारीवर अधिकारी रुग्णालयाला फोन करून मार्ग काढू शकतात. रुग्ण घरी गेल्यावर उरते ती केवळ फाइल.

राखीव खाट मिळालीच नाही, तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. तिथे उत्पन्नाची मर्यादा निराळी, १,६०,००० रुपये आहे. त्यामुळे धर्मादाय योजनेत दुर्बल घटकात बसणारे कुटुंब तिथे अपात्र ठरते आणि १,७४,००० वाले निर्धन कुटुंबही. मर्यादेत बसणाऱ्यांनी रुग्ण दाखल असतानाच अर्ज करावा, कारण झालेल्या खर्चाची भरपाई तिथून मिळत नाही आणि मदत मंजूर झाली तरी ती रुग्णालयाच्या खात्यात जाते. अपघाताचे प्रकरण असेल, तर पोलिसांकडील नोंदीची प्रत सोबत लागते; ती पोलीस ठाण्यातून पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावी.